हिऱ्यांची कॅसेट

झावळ्यांचा रविवार आठ दिवसांवर येऊन ठेपला होता आणि आमच्या गायनमंडळाचा सराव बंद पडला होता. कारण नेहमीचेच. दुःखसहनाच्या गीतातील एकट्याने म्हणावयाचे कडवे कोणी म्हणायचे, यावरून दोन चांगल्या गळ्यांमध्ये वाद झाला. ज्या तिसऱ्या गळ्याचा या वादाशी काहीच संबंध नव्हता, ते गृहस्थ "फादर, मग आमची तरी गरज काय?" असे म्हणून वही मिटून निघून गेले. मागे उरले ते हार्मोनियमवाले आणि मी. थोड्या वेळाने तेही दिवा मालवून गेले.

ही २०२२च्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. साक्रिस्तीत बसलो असता पुतण्याचा फोनवर निरोप आला. माझी एक जुनी आवड घरातल्या साऱ्या मुलांना ठाऊक आहे व तिच्यावरून ती माझी थट्टाही करतात. या वेळी मात्र निरोपात थट्टा नव्हती. जमैकाच्या 'मायटी डायमंड्स' या गायक-त्रयीतील मुख्य गायक डोनल्ड शॉ यांना २९ मार्चच्या रात्री किंग्स्टन शहरात गोळ्या घालून ठार मारण्यात आले होते, आणि त्यांचे जोडीदार फिट्झरॉय सिम्पसन १ एप्रिलला दीर्घ आजाराने वारले होते. त्रेपन्न वर्षे एकत्र गायिलेल्या तिघांपैकी दोघे तीन दिवसांच्या अंतराने गेले होते.

वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसेल. मीही ऐकले नसते, पण १९९१ साली पुण्यात तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेत असताना आमच्या सेमिनरीच्या रविवारच्या मिस्साला आफ्रिकेतून पुण्यात शिकायला आलेले काही विद्यार्थी येत असत. त्या काळी पुण्यात ते पुष्कळ होते व शहर त्यांच्याशी फारसे प्रेमाने वागत नसे. त्यांतील एकाशी माझी ओळख झाली. शिक्षण संपवून परत जाताना त्याने आपले सामान वाटून टाकले. एकाला पंखा मिळाला, एकाला शब्दकोश, आणि माझ्या वाट्याला एक कॅसेट आली. वर निळ्या शाईने एवढेच लिहिले होते : 'राइट टाइम'.

आम्ही तिघे मित्र तेव्हा एकत्र गात असू. नाताळच्या कार्यक्रमात, रेक्टरांच्या वाढदिवशी, एखाद्या गावी तरुणांची शिबिरे असली म्हणजे तेथे. एकाचा आवाज उंच जाई, तो कितीही चढला तरी टोचत नसे. दुसरा खर्जाचा. मी मधला. मधल्या सुराचे दुःख असे की, तो बरोबर लागला तर कोणाच्या लक्षात येत नाही व चुकला तर सर्वांच्या येतो. ती कॅसेट आम्ही मनोरंजनगृहातील टेपरेकॉर्डरवर लावली आणि तिघेही गप्प झालो. कोठल्या दूरच्या बेटावर तीन माणसे अगदी आमच्यासारखी गात होती. म्हणजे आम्हांला जसे गायचे होते तशी.

रेगे संगीताचा ठेका आपल्या कानाला प्रथम उलटाच वाटतो. जेथे आपण सम धरावयास जातो तेथे पुष्कळदा ढोल गप्प असतो, आणि जेथे आपण गप्प राहतो तेथे गिटारचा लहानसा टोला पडतो. त्या मोकळ्या जागेतून शॉ यांचा आवाज येई : नितळ, जरासा विनवणीचा, कधीही न ओरडणारा. मागून दोघे. पहिल्या काही दिवसांत आम्हांला त्यांचे शब्द नीट कळत नव्हते. पुढे एक नाव कळले आणि आम्ही चमकलो. त्या कॅसेटवरील एका गाण्याचे शीर्षकच मत्तयकृत शुभवर्तमानातील 'दात खाणे' हे आहे. दुसऱ्याचे शीर्षक म्हणजे दयेची याचना, जी आपण प्रत्येक मिस्साच्या आरंभी करतो. आमच्या प्रीफेक्टांनी एकदा दारात उभे राहून एक बाजू पूर्ण ऐकली व विचारले, "हे कोण? स्तोत्रसंहितेतली माणसे दिसतात." कॅसेट जप्त होईल या भीतीने आम्ही उभे होतो. ते पुढे काही न बोलता निघून गेले.

ही स्तोत्रसंहितेतली माणसे किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीतील. चाळिशीच्या दशकात सरकारने बांधलेली ही वसाहत. एका अंगणाभोवती घरे, पाणी व स्वयंपाकाची जागा सामायिक, म्हणजे आपल्याकडील चाळीची सख्खी बहीणच. बॉब मार्लीही तेथेच वाढले. १९६९ साली, ज्या वर्षी माझा जन्म झाला, त्या वर्षी शॉ, सिम्पसन आणि लॉइड फर्ग्युसन हे तिघे एकत्र आले. शॉ तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे होते. त्यांच्या आई या तिघांना 'हिरे' म्हणू लागल्या आणि तेच नाव पडले. पुढे रिवाजाप्रमाणे तिघांना टोपणनावेही चिकटली : टॅबी, बनी आणि जज. जज म्हणजे फर्ग्युसन. गाणी रचण्याचे काम प्रामुख्याने त्यांचे.

त्यांना लगेच यश मिळाले असे नाही. चार-सहा वर्षे ते एका निर्मात्याकडून दुसऱ्याकडे हिंडत होते. १९७३ मध्ये एक गाणे थोडेफार गाजले. खरे दार उघडले ते मॅक्सफील्ड ॲव्हेन्यूवरील 'चॅनल वन' या ध्वनिमुद्रणगृहाचे. हू किम नावाच्या चिनी वंशाच्या जमैकन बंधूंचे ते. जुगाराची यंत्रे चालवणे हा त्यांचा पूर्वीचा व्यवसाय. सरकारने त्यावर बंदी आणल्यावर ते संगीताकडे वळले. तेथे जोसेफ हू किम यांच्या देखरेखीखाली तिघांची गाणी मुद्रित झाली. ढोलावर स्लाय डनबार होते. त्यांनी ठेक्याला कवायतीसारखी ठाम चाल दिली आणि त्या काळच्या जमैकाच्या संगीताचे वळणच बदलले. लंडनच्या व्हर्जिन कंपनीने १९७६ साली ही गाणी 'राइट टाइम' या नावाने जगभर नेली.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चॅनल वनच्या वाद्यवृंदात फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांत टॉमी मॅकूक व व्हिन गॉर्डन होते. हे दोघेही किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलचे विद्यार्थी. ही संस्था १८८० साली सुरू झाली व पुढे 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या धर्मभगिनींनी ती चालवली. निराधार व वाट चुकलेल्या मुलांना तेथे सुतारकाम, छपाई, शिवण शिकवीत आणि हाती कर्णा देत. मुलांना बँडमध्ये वाजवता आले म्हणजे पोटाची सोय होईल, हा हिशेब. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस यांनी १९३९पासून २००३मध्ये मृत्यू येईपर्यंत आपले आयुष्य या शाळेला दिले. त्यांच्या खोलीत नाचगाण्यांच्या तबकड्यांचा मोठा साठा होता व त्या मुलांना तो ऐकवीत. जमैकाच्या लोकसंख्येत कॅथलिक मूठभरच आहेत. पण त्या देशाने जगाला दिलेल्या संगीताचा श्वास कितीतरी प्रमाणात या अंगणात भरला गेला. आमची त्रयी अल्फाची नव्हे. त्यांच्या मागे वाजणाऱ्या कर्ण्यांत मात्र अल्फा आहे.

आता अवघड भाग. हे तिघे रास्ताफारी पंथाच्या विचाराचे होते. इथिओपियाचे सम्राट हायले सेलासी यांना ईश्वरी मानणारा हा पंथ बायबल आपल्या पद्धतीने वाचतो व गांजाला पवित्र वनस्पती समजतो. मला यातले काहीच मान्य होण्यासारखे नाही आणि कोणा तरुण वाचकाने फादरांच्या आवडीचा आधार घेऊन दुसऱ्या गोष्टीची आवड लावून घेऊ नये. परंतु गुलाम म्हणून आणलेल्यांच्या नातवंडांनी निर्गमाचे पुस्तक वाचून 'ही तर आमचीच गोष्ट' असे म्हटले, तर त्यात आश्चर्य ते काय? त्यांच्या गाण्यांत मार्कस गार्वी वारंवार येतात. १८८७ मध्ये जमैकात जन्मलेल्या या पुढाऱ्याने काळ्या लोकांना ताठ मानेने उभे राहावयास शिकवले आणि स्वतः उपेक्षेत मरण पत्करले. संदेष्ट्याला त्याच्या गावात मान मिळत नाही, हे आपण जाणतोच.

१९७६ हे जमैकाचे भयाण वर्ष होते. दोन राजकीय पक्षांनी वस्त्या वाटून घेतल्या होत्या व हाती बंदुका दिल्या होत्या. जून महिन्यात आणीबाणी पुकारली गेली. डिसेंबरात बॉब मार्ली यांच्या घरात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अशा वर्षी हे तीन जण मंद, गोड सुरांत डोक्यावर छप्पर मागत होते. एका गाण्यात तर आपल्याच काळ्या भावाला प्रश्न केला आहे की, बाबा रे, हे असे का? दाबून ठेवलेल्या संतापाला इतका मऊ आवाज मी दुसरीकडे ऐकलेला नाही. दुसऱ्याच वर्षी हू किम बंधूंपैकी एकाचा दरोडेखोरांच्या गोळीने बळी गेला.

यशानंतर मोह येतोच. १९७७ साली कंपनीने त्यांना अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सला पाठवले. ॲलन टूसां हे तेथील थोर संगीतकार. त्यांच्याविषयी वावगे बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण 'आइस ऑन फायर' या तबकडीत हिऱ्यांना दुसऱ्याचे कोंदण बसवले गेले. अमेरिकेला ती पुरेशी आपली वाटली नाही व जमैकाला ती परकी वाटली. विक्री झाली नाही. (आमच्या चर्चमध्ये नवा की-बोर्ड आला तेव्हा काही महिने सगळ्याच गीतांना फुंकवाद्यांचा बँड लागला होता, त्याची आठवण होते.) महत्त्वाचे असे की, या अपयशाचे खापर तिघांपैकी कोणी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडले नाही. परत येऊन ते पुन्हा चॅनल वनमध्ये उभे राहिले.

१९८१ च्या सुमारास गसी क्लार्क या निर्मात्याकडे त्यांनी आणखी एक गाणे केले. त्याची चाल जुनी, स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रणगृहातील जॅकी मिट्टू यांच्या वेळची. तिकडे एकाच जुन्या चालीवर अनेकांनी नवे शब्द बसवण्यात कमीपणा मानत नाहीत, जसा आपल्या भजनकरी मंडळींतही मानत नाहीत. गाणे होते 'पास द कूची', आणि कूची म्हणजे चिलीम. १९८२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांच्या 'म्युझिकल यूथ' या संचाने ते उचलले. मुलांच्या तोंडी चिलीम कशी द्यावयाची? म्हणून एक अक्षर बदलून 'डची' केले, म्हणजे जाड बुडाचे पातेले, आणि गाणे चिलमीवरून जेवणावर आले. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले व जगभर गाजले. गंमत अशी की, गाणे आले कोठून हे त्या लक्षावधी श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. आणि रचनाकार म्हणून जी नावे छापली गेली त्यांत मिट्टू, फर्ग्युसन व सिम्पसन आहेत. मुख्य आवाज ज्यांचा, त्या शॉ यांचे नाव नाही.

मी या तपशिलावर पुष्कळ विचार केला आहे. जमैकातील कितीतरी त्रयी याहून लहान कारणांनी तुटल्या. वेलर्सचे तिघे १९७४ पर्यंत वेगळे झाले होते. हेप्टोन्समधून त्यांचा मुख्य गायक बाहेर पडला. एकाचा आवाज लोकांना आवडू लागतो, त्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते, आणि बाकीचे दोघे 'साथीदार' होतात. डायमंड्समध्ये पुढे उभे राहत ते शॉ, शब्द बहुधा फर्ग्युसन यांचे, आणि सिम्पसन हे अधलेमधले. ना पुढे, ना कागदावर फारसे. अशा रचनेत प्रत्येकाला रुसायला जागा असते. तरी चाळीसहून अधिक तबकड्या निघाल्या. लोकांची आवड बदलली, संगणकावरचे ठेके आले, नवी पोरे आली. हे तिघे आपले जेथे बोलावणे येईल तेथे जात, युरोपातील उन्हाळी महोत्सवांत, अमेरिकेत, कधी लहानशा सभागृहांत. २०२१ साली जमैका सरकारने त्यांना 'ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन' हा सन्मान दिला. पुढच्याच वसंतात किंग्स्टनमध्ये गाडीतून आलेल्या मारेकऱ्यांनी गोळीबार केला. इतरांनाही गोळ्या लागल्या. शॉ गेले. 'बाबा रे, हे असे का?' हा प्रश्न विचारून तोवर सेहेचाळीस वर्षे झाली होती.

साक्रिस्तीत बसून मी हे सारे फोनवर वाचत होतो आणि डोळ्यांपुढे किंग्स्टन येत नव्हते. येत होते पुण्याचे मनोरंजनगृह.

आमची त्रयी तीन वर्षे टिकली. १९९४ मध्ये वरच्या पट्टीतला मित्र सेमिनरी सोडून गेला. त्याने कारण सांगितले होते, प्रामाणिकपणे व रडत सांगितले होते. मी ते ऐकून घेतले नाही. मला वाटले, त्याने आम्हांला सोडले. १९९७ साली त्याच्या लग्नाची पत्रिका आली. त्या दिवशी धर्मग्रामात मीटिंग आहे असे मी कळवले. मीटिंग होती हे खरे. ती पुढे ढकलता आली असती हेही खरे. खर्जातला मित्र ईशान्येकडील मिशनहून दोन दिवसांचा प्रवास करून त्या लग्नाला आला. त्याने पुढे कधी मला या गोष्टीवरून टोकले नाही, आणि ते मला बोलण्याहून अधिक लागले. त्यानंतर अंत्यविधी, बारशी, सणवार यांत वरच्या पट्टीतला मित्र मला पाच-सात वेळा भेटला असेल. प्रत्येक वेळी "कसे काय, फादर?" एवढेच. पूर्वी तो मला नावाने हाक मारी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या गावी गेलो. स्कूटर लांबच उभी केली. का, ते सांगता येणार नाही. दार त्याच्या पत्नीने उघडले. "या फादर," म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत आत वळून हाक दिली. तो बाहेर आला. २०२१ च्या लाटेत तो पंधरा दिवस ऑक्सिजनवर होता, हे मला लोकांकडून कळले होते. मी प्रार्थनेत नाव घेतले होते, पण गेलो नव्हतो. जिना चढल्यासारखा तो बसल्या जागी धापा टाकीत होता.

मी फोन पुढे केला. बातमी त्याने चष्मा वर करून हळूहळू वाचली.

"दोघे?" तो म्हणाला.

"दोघे. तीन दिवसांत."

तो उठला आणि कपाटातून एक बिस्किटांचा डबा काढला. आत जुनी पत्रे, एक जपमाळ, आणि ती कॅसेट. निळी शाई पुसट झाली होती. १९९४ पासून मी ती हरवली असे समजत होतो. "जाताना मीच नेली होती," तो म्हणाला. "तुला सांगितले असते तर तू दिली नसतीस." फितीला बुरशी लागली होती व ती वाजवायला घरात यंत्रही नव्हते. त्याच्या मुलाने आपल्या फोनवर तेच गाणे शोधून दिले, छपराचे. टेबलावर फोन ठेवून आम्ही ऐकत बसलो. मधल्या एका जागी माझ्याही नकळत माझा सूर लागला. त्याने वरचा धरून पाहिला. दोन शब्दांनंतर खोकला आला. त्या बाईंनी पाणी आणले.

"आता नाही जमत रे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि तिसरा? तो आहे का?"

"जज. आहे. तोच गाणी लिहायचा."

"मग त्याला फोन लाव."

क्षणभर मला कळेना. मग कळले की तो आमच्या तिसऱ्याविषयी बोलत होता. ईशान्येत तोवर अंधार पडून बराच वेळ झाला असणार, तेथे सूर्य आपल्या आधी मावळतो. तरी मी नंबर लावला.